घरांतला समुद्र आणि गळ टाकणारा मासा

भंडारा जिल्ह्यांतील माणसाला पाणी आणि मासा यांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा मुलूख तलावांचा मुलूख म्हणूनच प्रसिद्ध आहे. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी समाजानें जे तलाव बांधले, त्यांच्यावर येथील धानाची शेती उभी राहिली आणि त्याच तलावांवर ढीवर समाजाचा संसार चालला. परंतु हें सारें पाणी गोडें. खाऱ्या पाण्याशीं या जिल्ह्याचा संबंध येतो तो जेवणाच्या ताटांतील मिठापुरताच. मुंबईचा किनारा येथून सरळ रेषेंत सातशेंहून अधिक किलोमीटर दूर. पूर्वेकडील आंध्रचा किनारा त्यांतल्या त्यांत जवळचा म्हणावा, तर तोहि पांचशेंहून अधिक. अशा ठिकाणीं एखाद्या हौशी गृहस्थानें आपल्या दिवाणखान्यांत समुद्र मांडण्याचें मनावर घेतलें, आणि त्या समुद्राचा धनी म्हणून बेडूकमाशाची निवड केली, तर त्याच्या पुढ्यांत काय काय वाढून ठेवलेलें असतें, तें पाहण्यासारखें आहे.

बेडूकमासा हें नांव इंग्रजीवरून घेतलेलें. या माशाला फ्रॉगफिश म्हणतात, तें त्याच्या बसण्याच्या ऐटीवरून आणि रुंद तोंडावरून. अंग गोल व फुगीर, खवल्यांचा पत्ता नाहीं, कातडी खडबडीत आणि गांठीगांठींची. रंग पिवळा, तांबडा, काळा, पांढरा, किंवा या साऱ्यांची खिचडी. ज्या दगडाशेजारीं किंवा स्पंजाशेजारीं तो ठाण मांडतो, त्याच्यासारखाच होऊन बसतो. आणि जागा बदलली, तर कांहीं दिवसांत किंवा आठवड्यांत रंगहि बदलतो. छातीचे पर हातासारखे कोपरांत वांकलेले असतात. त्यांवर रेलून तो तळाशीं बसतो, आणि मनांत आलेंच तर त्यांच्याच आधारानें एक एक पाऊल टाकीत चालूं लागतो.  फारच घाई झाली, तर परांच्या मागें असलेल्या कल्ल्यांच्या बारीक छिद्रांतून तो पाणी जोरानें सोडतो आणि त्या धक्क्यानें पुढें सरकतो. एरवीं त्याला घाई नसतेच.

पण खरी मौज त्याच्या कपाळावर आहे. पाठीवरच्या पराचा पहिला कांटा सुटा होऊन पुढें आलेला असतो आणि त्याची बारीक काठी बनलेली असते. काठीच्या टोंकाला मांसाचा एक लहानसा गोळा असतो. कोणा जातींत तो किड्यासारखा दिसतो, कोणांत झिंग्यासारखा. १९७८ सालीं पीटश आणि ग्रोबेकर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनीं फिलिपीन्सकडील एका बेडूकमाशाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच्या काठीवरचें आमिष म्हणजे डोळ्यापासून शेपटीपर्यंत हुबेहूब एक चिमुकला मासाच होता! हा गळ माशानें तोंडापुढें हालवावयाचा, आणि एखादा भुकेला जीव त्या आमिषाच्या लोभानें जवळ आला कीं त्याला गिळावयाचें, असा हा धंदा आहे. आमिष कोणी तोडून नेलें तरी कांहीं महिन्यांत तें पुन्हां उगवतें. ढीवराला गळ हरवला तर बाजार गांठावा लागतो, येथें तीहि यातायात नाहीं.

गिळण्याची क्रिया तर डोळ्यांना दिसतच नाहीं. तोंड उघडलें म्हणजे त्याची पोकळी सुमारें बारा पटींनीं वाढते, आंत पाणी धांवतें आणि पाण्याबरोबर सावजहि जातें. या साऱ्याला सेकंदाचा शंभरावा हिस्साहि लागत नाहीं. पाहणाऱ्याची पापणी लवून परत उघडेपर्यंत हा खेळ दहा-वीस वेळां होऊन जाईल. टाकींत दोन मासे होते. आतां एक आहे, आणि तो पूर्वीसारखाच दगड होऊन बसला आहे, एवढेंच काय तें पाहणाऱ्याला कळतें. तलावाच्या कांठीं एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याचें ध्यान आपल्या लोकांच्या परिचयाचें आहे. पण बगळ्याला निदान मान लांब करावी लागते.

असा मासा घरांत ठेवण्याची हौस आजची नाहीं. सॅम्युएल फालूर्स नांवाचा एक मनुष्य अठराव्या शतकाच्या आरंभीं डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत मोलुक्का बेटांपैकीं अंबोन येथें होता. शिपाईगिरी करून पुढें तो चित्रें काढूं लागला. त्याचीं माशांचीं चित्रें लुई रेनार यानें १७१९ सालीं ॲम्स्टरडॅमला ग्रंथरूपानें छापलीं. त्यांतील एका चित्रांत चालणारा मासा आहे, आणि त्याच्याखालीं फालूर्सनें नोंद केली आहे कीं, हा मासा त्यानें तीन दिवस आपल्या घरांत जिवंत ठेवला होता व तो एखाद्या लहान कुत्र्यासारखा त्याच्या मागें मागें हिंडत असे. ही नोंद वाचून शास्त्रज्ञ बराच काळ हंसत आले. फालूर्सला चित्रांत तिखटमीठ लावण्याची संवय होती, हें खरें; परंतु मासा चालतो हें त्यानें पाहिलें होतें, तें खोटें नव्हतें. त्याच्याहि कितीतरी आधीं ॲरिस्टॉटलनें भूमध्य समुद्रांतील याच्या एका भाईबंदाचें वर्णन करून, तो डोळ्यांपुढील काठीनें लहान मासे कसे भुलवितो, तें लिहून ठेवलें आहे.

फालूर्सच्या नोंदींत कुत्र्याची उपमा सर्वांच्या लक्षांत राहते. ‘तीन दिवस’ हे शब्द मात्र कोणी फारसे पाहत नाहीं. अंबोनला समुद्र दाराशीं होता. पाणी केव्हांहि बदलतां आलें असतें. तरीहि मुक्काम तीन दिवसांचा. मग ज्याच्या दाराशीं वैनगंगा आहे त्यानें काय करावें?

प्रथम समुद्र करावा लागतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. एवढें मीठ वाण्याच्या दुकानांत मिळतें, असें म्हणून जो पुडा फोडील, त्यानें मासा आणूंच नये. समुद्रांतील क्षारांपैकीं तीन चतुर्थांशांहून थोडा अधिक भाग आपल्या नेहमींच्या मिठाचा. बाकीच्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि गंधकाचे क्षार येतात, आणि मासा जगतो तो या साऱ्यांच्या जुळणीवर. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें १८५४ मध्यें चार क्षार एकत्र करून घरच्याघरीं समुद्राचें पाणी बनविण्याची कृति प्रसिद्ध केली, तेव्हांपासून समुद्रापासून दूर राहणाऱ्या लोकांचा मार्ग मोकळा झाला. आज हें मिश्रण तयार मिळतें. तें मात्र शुद्ध केलेल्या पाण्यांतच विरघळवावें लागतें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आणि विहिरीच्या पाण्यांतील क्षार यांचा हिशेब कोणालाच ठाऊक नसतो.

पाणी खारें झालें म्हणजे समुद्र झाला, असेंहि नाहीं. मासा खातो, मलमूत्र टाकतो, आणि त्यांतून अमोनिया निर्माण होतो. समुद्रांत तो कोठल्या कोठें नाहींसा होतो; शंभर लिटरच्या टाकींत तोच माशाचा घात करतो. त्याचें निर्विष रूपांतर करणारे सूक्ष्म जंतु टाकींतील वाळूंत आणि दगडांत वाढावे लागतात. कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, तेंहि विषारीच. दुसरे त्याचें नायट्रेट करतात, जें माशाला बरेंच सोसतें. हा प्रकार विरजणासारखा आहे. फरक इतकाच कीं, दुधाचें दहीं एका रात्रींत लागतें आणि या पाण्याला चार ते सहा आठवडे लागतात. या काळांत टाकी तयार, दिवे लागलेले, पाणी कांचेसारखें स्वच्छ, आणि आंत मासा नाहीं. घरांतील मुलें रोज विचारतात, शेजारी थट्टा करतात. बहुतेक टाक्यांचा सत्यानाश येथेंच होतो: पंधराव्या दिवशीं गृहस्थाचा धीर सुटतो, मासा येतो, आणि आठवड्याच्या आंत मरतो. दोष मात्र दुकानदाराला दिला जातो.

यापुढचें संकट खास भंडाऱ्याचें. वैशाखांत येथें पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. बेडूकमाशाला पाणी हवें चोवीस ते सव्वीस अंशांचें. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांतला प्राणवायु कमी होतो आणि तोच अमोनिया अधिक विषारी बनतो. म्हणजे श्वास घेण्याची अडचण आणि विष यांचा मारा एकदम होतो. विदर्भांतील घरांत खसाचा कूलर असतो, आणि त्याचेंच तत्त्व टाकीलाहि लागूं पडतें. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला, तर कोरड्या हवेंत बाष्पीभवन जोरानें होऊन पाणी तीन-चार अंश थंड राहतें. परंतु खोलीच जेथें अडतीस अंशांवर गेली, तेथें तीन-चार अंशांनीं काय होणार? शिवाय वाफ होऊन जातें तें पाणी. मीठ मागेंच राहतें. रोज दोन-तीन लिटर पाणी उडालें कीं उरलेला समुद्र तितका अधिक खारट होतो. हें न समजून कित्येक लोक भर घालतांनाहि खारेंच पाणी ओततात आणि आपल्या हातांनीं माशाचें लोणचें घालतात. भर नेहमीं गोड्या शुद्ध पाण्याचीच घालावी. खारें पाणी लागतें तें आठवड्याच्या बदलाला. शंभर लिटरमधील पंधरा लिटर काढून तितकेंच नवें घालावयाचें, म्हणजे दर खेपेला पाव कमी पाऊण किलो क्षार, हा खर्च धरून चालावा.

तेव्हां पाणी थंड ठेवणारें यंत्र, ज्याला चिलर म्हणतात, तें येथें चैनीची वस्तु नव्हे. मिठाइतकेंच तें अवश्य आहे. आणि यंत्र म्हटलें म्हणजे वीज आली. उन्हाळ्याच्या दुपारीं किंवा वळवाच्या वादळांत वीज जाते, तेव्हां यंत्रहि थांबतें आणि पाण्यांत हवा सोडणारा पंपहि थांबतो. निदान हवेच्या पंपापुरती तरी बॅटरीची सोय आधींच करून ठेवलेली असावी. मासा घेऊन मग बॅटरी शोधणें म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणावयास बसणें होय.

एवढें साधलें, तर मासा ठेवणें त्या मानानें सोपें आहे, हें कबूल केलें पाहिजे. तो पोहत नाहीं म्हणून त्याला मोठी टाकी लागत नाहीं. लहान जातीच्या माशाला शंभर लिटर पुरे. पाण्याचा प्रवाह मंद असावा आणि बसावयास दोन-चार खडबडीत दगड असावेत. सोबत मात्र कोणाचीहि नको. त्याच्यापेक्षां लहान मासा ठेवला तर तो पोटांत जाईल, हें कोणालाहि समजतें. पण त्याच्याएवढाच मासा ठेवला तरी तोहि जाईल, हें अनुभवानेंच पटतें. स्वतःच्या लांबीइतकें सावज गिळण्याची त्याची शक्ति आहे, आणि हांवेला अंत नाहीं. कित्येकदां हें मोठें सावज पचत नाहीं, पोटांत सडतें, आणि गिळणाराहि त्याच्यापाठोपाठ जातो. टाकींत दोघांचा अशा रीतीनें एकाच दिवशीं शेवट होतो. दुसरा बेडूकमासा सोबतीला ठेवावा, तर तोहि भक्ष्यच.

खाणें आठवड्यांतून दोन-तीन वेळां, तेंहि बेताचें. नव्यानें आलेला मासा मेलेल्या अन्नाकडे पाहत नाहीं, कारण त्याच्या लेखीं जें हलत नाहीं तें अन्न नव्हे. या बाबतींत भंडाऱ्याची सोय चांगली आहे. तलावांतील जिवंत झिंगे आणून टाकींत सोडले तर खाऱ्या पाण्यांत ते थोडा वेळ तग धरतात, आणि तेवढा वेळ त्याला पुरतो. पुढें लांब चिमट्यांत मेलेला झिंगा धरून त्याच्या तोंडापुढें हळूच हालवावा. गळ टाकणाऱ्यालाच असा गळ टाकावा लागतो! कांहीं दिवसांत तो चिमटा ओळखूं लागतो, माणूस टाकीजवळ आला कीं दगडावरून उतरून कांचेकडे चालत येतो; आणि मग फालूर्सला त्याच्यांत कुत्रा कां दिसला असावा, हें थोडेंसें उमगतें. गोड्या पाण्यांतल्या लहान माशांवर त्याला कायमचें पोसूं नये. त्यांतील चरबी त्याला मानवत नाहीं. आणि कोणत्याहि कारणानें त्याला जाळ्यांत धरून पाण्याबाहेर काढूं नये. घाबरून तो जसें पाणी गिळून फुगतो तशीच हवाहि गिळतो, आणि ती बाहेर टाकणें त्याला जमत नाहीं. हलवावयाचा असला तर पाण्यांतच भांडें बुडवून त्यासकट उचलावा.

पाहुण्यांच्या बाबतींत मात्र गृहस्थाची निराशा ठरलेली. पाहुणा येतो, टाकीपुढें पांच मिनिटें उभा राहतो आणि ‘अजून मासे आणले नाहींत वाटतें?’ असें विचारतो. ज्याला रंगीबेरंगी माशांच्या झुंडी मिरवावयाच्या आहेत त्यानें या वाटेला जाऊं नये. हा मासा पाहणाऱ्याकडून स्वतःइतकीच स्वस्थता मागतो, आणि ती ज्याच्यापाशीं आहे त्याला तासन् तास कंटाळा येऊं देत नाहीं.

आतां एक नाजूक गोष्ट. गोड्या पाण्यांतील शोभेचे मासे बहुतेक माणसाच्या हातीं पैदा झालेले असतात. समुद्रांतील बहुतेक मासे अजून समुद्रांतूनच पकडून आणावे लागतात, आणि बेडूकमासा त्यांपैकींच. फिलिपीन्सच्या बाजूला १९६० नंतरच्या काळांत प्रवाळांच्या खडकांत सायनाइडचें पाणी फवारून मासे गुंग करून पकडण्याची चाल पडली. असा मासा दुकानांत दिसावयास ठणठणीत असतो आणि घरीं आल्यावर कांहीं दिवसांनीं मरतो. ज्या प्रवाळावर तें विष पडलें, तो प्रवाळहि मरतो. म्हणून मासा कोठून आला, कसा पकडला, हें विचारण्याचा संकोच करूं नये, आणि तो दुकानांत स्वतः खातांना पाहिल्याशिवाय विकत घेऊं नये. टाकीच्या शोभेकरितां प्रवाळाचे तुकडे मागूं नयेत, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. प्रवाळ, आणि २००१ पासून समुद्रघोडे व त्यांचे सगेसोयरे, यांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचें संरक्षण मिळालेलें आहे. दुकानदार कांहींहि सांगो, माशाला बसावयास साधा चुनखडीचा दगड किंवा मातीचें भाजलेलें भांडें चालतें. खडबडीत असलें म्हणजे झालें.

हौस फिटली, बदली झाली, आजारपण निघालें, तर या माशाचें काय करावयाचें, हा प्रश्न आणण्यापूर्वींच स्वतःला विचारलेला बरा. तलावांतला मासा तलावांत परत सोडतां येतो. या माशाला वैनगंगेंत सोडलें तर गोड्या पाण्यानें तो तासाभरांतहि मरेल. कोणी सुट्टींत मुंबईला जातांना त्याला बरोबर नेऊन समुद्रांत सोडण्याचा पुण्यविचार करील, तर तोहि टाळावा; दूरच्या समुद्रांतला जीव आणि टाकींतले रोग परक्या पाण्यांत सोडणें हा उपकार नव्हे. हिंदी व पॅसिफिक महासागरांतील सिंहमासा अमेरिकेच्या फ्लॉरिडा किनाऱ्याजवळ प्रथम १९८५ सालीं आढळला, हौशी लोकांच्या टाक्यांतूनच तो तेथें पोहोंचला असावा असें मानतात, आणि आज कॅरिबियन समुद्रांतील लहान माशांवर त्यानें संक्रांत आणली आहे. आंध्रांतील आणि कलकत्त्याच्या परिसरांतील तलावांत दक्षिण अमेरिकेचा, टाकीची कांच चाटणारा मासा असाच माजला असून तेथील कोळ्यांचीं जाळीं फाडतो. भंडाऱ्याच्या तलावांना त्यांची स्वतःचीं दुखणीं पुरेशीं आहेत.

हें सारें ऐकूनहि ज्याचा बेत कायम असेल, त्यानें एवढें करावें. फाल्गुनांत टाकी मांडावी, क्षार घालावेत, जंतूंचें विरजण लावावें, यंत्र सुरू करावें. मासा आणूं नये. टाकींत एक उष्णतामापक ठेवून चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे तीन महिने दररोज दुपारीं दोन वाजतां त्याचा आंकडा वहींत लिहावा. वीज गेली त्या दिवशींचा विशेष काळजीनें लिहावा. मृगाचा पाऊस लागेपर्यंत त्या वहींत सत्तावीसच्या वरचा आंकडा एकदांहि आला नाहीं, तर खुशाल मासा मागवावा. आला असेल, तर खारें पाणी काढून टाकी स्वच्छ धुवावी, तींत गोडें पाणी भरावें, आणि सकाळीं तलावावर जाळें ओढणाऱ्या ढीवराकडून ओंजळभर लहान मासे मागून आणावेत. भंडाऱ्याचा उन्हाळा त्यांच्या ओळखीचा असतो.